बॉम्बर पायलट ते जनरल: एसपीआय-एनडीएची तयारी करताना एका अधिकाऱ्याचं करिअर कसं वाचायचं

दहावीची परीक्षा जवळ आली की आमच्या इकडं परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर सगळीकडं एसपीआयची चौकशी सुरू होते. एसपीआय म्हणजे छत्रपती संभाजीनगरची सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट, राज्य सरकारनं १९७७ साली काढलेली, जिथं अकरावी-बारावी करता करता एनडीएची, म्हणजे पुण्याजवळ खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, तयारी करून घेतात. लेखी परीक्षेसाठी गणित-विज्ञान घासणारी पोरं भरपूर आहेत, लातूर पॅटर्ननं तेवढं तर शिकवलंच आहे आपल्याला, पण मुलाखतीचं नाव काढलं की सगळ्यांचा एकच प्रश्न, सर कोणाचं चरित्र वाचू. मग कोणीतरी दहा सेनापतींची यादी देतं, पोरगं प्रत्येकाचा जन्म, मृत्यू, पदकं पाठ करतं, आणि समोरच्या अधिकाऱ्यानं "बरं, त्या जागी तू असतास तर काय केलं असतंस" एवढं विचारलं की तोंडातून शब्द निघत नाही.

म्हणून माझं म्हणणं, दहा नको, एकच माणूस घ्या आणि तो नीट वाचा. जनरल झालेला माणूस म्हणून वरून खाली नाही वाचायचा, तर एका नोकरीतून दुसऱ्या नोकरीत गेलेला माणूस म्हणून खालून वर वाचायचा. प्रत्येक पोस्टिंगला त्याच्या टेबलावर कोणता प्रश्न होता, त्यानं काय केलं, आणि त्याची किंमत कोणी मोजली. ही तीन उत्तरं मिळाली तर तारखा आपोआप लक्षात राहतात.

उदाहरण म्हणून मी अमेरिकेचा कर्टिस लेमे घेतोय. बॉम्बर पायलट, पुढं चार स्टारचा जनरल, अमेरिकन एअर फोर्सचा प्रमुख. तो आदर्श आहे म्हणून नाही घेत, हे आधीच सांगतो, टोकियोचं प्रकरण पुढं येईल तेव्हा कळेल का ते. घेतोय यासाठी की त्याच्या करिअरमध्ये जवळपास प्रत्येक पायरीवर एक निर्णय आहे ज्यावर वाद घालता येतो, त्यातले बरेच निर्णय अकरावीच्या फिजिक्सनं तपासता येतात, आणि तो काही महिने आपल्या देशात खडगपूरला होता ही गोष्ट इकडं फारशी कोणाला माहीत नसते.

सुरुवात वहीपासून. हजेरीची असते तशी लांब वही घ्या, पानावर चार रकाने पाडा: साल आणि हुद्दा, जागा, समोरचा प्रश्न, त्यानं काय केलं. पाचवा रकाना उजवीकडं रुंद सोडा आणि त्यावर लिहा "किंमत कोणी दिली". बहुतेक पोरं हा पाचवा रकाना पाडतच नाहीत आणि मुलाखतीत नेमकं तिथलंच विचारतात.

हुद्द्यांचा घोळ आधी मिटवून टाका, कारण इथं चुकलात तर पुढचं सगळं चुकतं. अमेरिकेत १८ सप्टेंबर १९४७ पर्यंत एअर फोर्स ही आर्मीचाच भाग होती, म्हणून त्यांच्याकडं विमानवाल्यांचे हुद्देही लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर, कर्नल, जनरल असेच आहेत. आपल्या हवाई दलात फ्लाइंग ऑफिसर, फ्लाइट लेफ्टनंट, स्क्वाड्रन लीडर, विंग कमांडर, ग्रुप कॅप्टन, मग एअर कमोडोर म्हणजे आर्मीच्या ब्रिगेडियरच्या बरोबरीचा, एअर व्हाइस मार्शल म्हणजे मेजर जनरल, एअर मार्शल म्हणजे लेफ्टनंट जनरल, आणि एअर चीफ मार्शल म्हणजे जनरल. "मला हवाई दलात जनरल व्हायचंय" असं मुलाखतीत म्हणू नका, ऐकणाऱ्याला लगेच कळतं की पोरानं घरचा अभ्यास केलेला नाही.

आता लेमेचं पहिलं पान. जन्म १९०६, ओहायो राज्यातलं कोलंबस गाव. वडील मिळेल ते काम करणारे, त्यामुळं घर या गावाहून त्या गावाला हलत राहिलं. तो वेस्ट पॉइंटला म्हणजे त्यांच्या नामांकित लष्करी अकादमीत गेला नाही. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत सिव्हिल इंजिनिअरिंग करत होता, सोबत आरओटीसी, जे साधारण आपल्या एनसीसीसारखं असतं पण त्यातून थेट अधिकारी होता येतं, आणि रात्री लोखंडाच्या फाउंड्रीत काम. १९२८ ला शिक्षण अर्धवट सोडून फ्लाइंग कॅडेट झाला, १९२९ ला पायलटचे विंग्ज मिळाले, आणि डिग्री त्यानं नंतर १९३२ ला पूर्ण केली. ज्यांच्या घरी शेतीची कामं करून अभ्यास चाललाय त्यांनी हा भाग नुसता "प्रेरणादायी" म्हणून सोडून देऊ नये, फाउंड्री आणि आरओटीसी दोन्ही वहीत लिहावं, कारण आरओटीसीत शिकलेलं एक पुस्तक चौदा-पंधरा वर्षांनी त्याला लढाईत कामाला आलं.

त्यानंतरचा जो काळ आहे तो सगळ्यात दुर्लक्षित आणि माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखा. १९२९ ला पायलट झालेला माणूस कॅप्टन व्हायला १९४० उजाडलं. अकरा वर्षं. प्रमोशन नाही, युद्ध नाही, पैसा नाही. सुरुवातीला तो फायटर विमानं उडवायचा, त्यातच सगळा मान होता, तरुण पायलटांना तेच हवं असायचं. पण त्यानं बाजूला नेव्हिगेशन शिकायला घेतलं, हॅरोल्ड गॅटी नावाच्या नामांकित नेव्हिगेटरकडून, तारे आणि सूर्य बघून आपण समुद्रावर कुठं आहोत ते काढायची विद्या. पायलट लोक त्या काळी याला कमी लेखायचे. मग १९३७ च्या आसपास तो बॉम्बरकडं वळला, बी-१७ नवीन आलं होतं, आणि तिथं अचानक सगळ्यांना नेव्हिगेटर हवा झाला.

दोन प्रसंग वहीत घ्या. ऑगस्ट १९३७ ला कॅलिफोर्नियाच्या समुद्रात सराव होता, नेव्हीची यूटा ही युद्धनौका शोधून तिच्यावर पाण्याचे बॉम्ब टाकायचे. आधी जहाज सापडेना, कारण कळवलेली जागाच एका अंशानं चुकीची होती. अक्षांशाचा एक अंश म्हणजे ६० सागरी मैल हे भूगोलात शिकलाय तुम्ही, आता त्याचा अर्थ समजतो. लेमेनं आपलं गणित पुन्हा तपासलं, ते बरोबर होतं, आणि शेवटी जहाज सापडलं. दुसरा प्रसंग १२ मे १९३८, इटलीचं रेक्स नावाचं प्रवासी जहाज अटलांटिकमध्ये किनाऱ्यापासून ६०० मैलांहून लांब असताना तीन बी-१७ विमानांनी खराब हवेत जाऊन गाठलं, आणि पुढच्या विमानात नेव्हिगेटर लेमे. हुद्दा तेव्हा फक्त लेफ्टनंट. इथं वहीत "प्रश्न" या रकान्यात लिहायचं की लांब पल्ल्याचं बॉम्बर विमान समुद्रावर कामाचं आहे का यावर आर्मी आणि नेव्हीत भांडण होतं, आणि उत्तर एका कनिष्ठ अधिकाऱ्याच्या पेन्सिलीवर अवलंबून होतं.

मग युद्ध, आणि इथून प्रमोशन धडाधड. १९४० ला कॅप्टन, १९४२ ला कर्नल आणि ३०५ व्या बॉम्ब ग्रुपचा म्हणजे बॉम्बर विमानांच्या तुकडीचा प्रमुख, सप्टेंबर १९४३ ला ब्रिगेडियर जनरल, मार्च १९४४ ला मेजर जनरल, वय ३७. हे वाचून पोरं म्हणायलेत चार वर्षांत एवढं वर गेला, पण हे युद्धकाळातले तात्पुरते हुद्दे होते, फौज काही वर्षांत कित्येक पटींनी वाढली म्हणून मिळालेले. शांततेच्या काळातल्या आपल्या हवाई दलाशी याची तुलना करायची नाही.

१९४२ च्या शेवटी तो ग्रुप घेऊन इंग्लंडला पोचला तेव्हा प्रश्न असा होता की बॉम्ब निशाण्यावर पडतच नव्हते. जर्मन विमानविरोधी तोफांचा मारा सुरू झाला की पायलट जीव वाचवायला विमान डावी-उजवीकडं वळवत जायचे. ते साहजिक वाटतं, पण फिजिक्स बघा, हा हिशोब स्वतः करायचा, नुसता वाचायचा नाही. विमान ६,००० मीटर उंचीवर, वेग सेकंदाला ७० मीटर धरा. बॉम्ब खाली यायला लागणारा वेळ म्हणजे दोन गुणिले उंची भागिले जी, त्याचं वर्गमूळ, साधारण ३५ सेकंद. तेवढ्या वेळात बॉम्ब पुढं सरकतो ३५ गुणिले ७०, म्हणजे जवळपास अडीच किलोमीटर. हवेचा विरोध धरला तर आकडा बदलतो पण मुद्दा तोच राहतो. आता सोडताना विमानाची दिशा फक्त तीन अंश चुकलेली असली तर बॉम्ब बाजूला किती जाईल, अडीच किलोमीटर गुणिले टॅन तीन अंश काढा, सव्वाशे मीटरच्या वर. म्हणजे कारखाना सुटला आणि बॉम्ब पलीकडच्या वावरात. निशाणा धरायच्या यंत्राला विमान काही मिनिटं एकदम सरळ आणि स्थिर लागायचं, आणि नागमोडी जाण्यात तेच मिळत नव्हतं.

लेमेनं आरओटीसीच्या काळातलं तोफखान्याचं पुस्तक काढलं आणि हिशोब मांडला की सरळ जाणाऱ्या एका बी-१७ ला लागायला जर्मनांच्या ८८ मिलिमीटर तोफेला सरासरी किती गोळे लागतील. उत्तर आलं ३७२. म्हणजे धोका आहे, पण तो पायलटांना वाटत होता त्याहून कमी, आणि सरळ न गेल्यामुळं त्याच निशाण्यावर पुन्हा पुन्हा यावं लागत होतं तो धोका जास्त. २३ नोव्हेंबर १९४२ ला फ्रान्समधल्या सेंट नाझेरवर तो ग्रुपला सरळ घेऊन गेला, आणि सगळ्यात पुढच्या विमानात स्वतः बसला. बॉम्ब आधीपेक्षा कितीतरी जास्त निशाण्यावर पडले आणि पुढं बाकीच्यांनीही तीच पद्धत उचलली. सोबत विमानांची मांडणी, वर-खाली-मागे-पुढं अशी रचायची की एकाच्या मशिनगननं दुसऱ्याचं रक्षण व्हावं, कॉम्बॅट बॉक्स म्हणतात त्याला, तीही त्यानंच घडवून पक्की केली.

आता इथं जरा थांबा. एसएसबीत, म्हणजे लेखीनंतर सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्ड घेतं त्या निवड-मुलाखतीत, तुम्हाला सिच्युएशन रिअ‍ॅक्शन टेस्ट असते, ६० प्रसंग आणि ३० मिनिटं, आणि पोरं प्रत्येक उत्तरात "धाडसानं पुढं गेलो" लिहितात. सेंट नाझेरमध्ये धाडस आहेच पण त्याच्या आधी एक रात्र कागदावर हिशोब आहे, आणि हिशोबानंतर सगळ्यात धोक्याच्या जागी स्वतः बसणं आहे. या तिन्हीतलं एक काढलं तर काय उरतं ते स्वतःला विचारा. हिशोबाशिवाय धाडस म्हणजे माणसं मारणं, आणि स्वतः न बसता हिशोब सांगितला असता तर त्याचं कोणी ऐकलं नसतं.

१७ ऑगस्ट १९४३ चं रेगेन्सबुर्ग लिहिताना पाचवा रकाना भरायला सुरुवात होते. लेमेनं १४६ बी-१७ घेऊन जर्मनीतला विमान कारखाना गाठला आणि परत इंग्लंडला न येता थेट उत्तर आफ्रिकेत उतरला. योजना अशी होती की दुसरा मोठा ताफा त्याच वेळी श्वाइनफुर्टच्या बॉल बेअरिंग कारखान्यांवर जाईल आणि जर्मन फायटर विभागले जातील. पण सकाळी इंग्लंडवर धुकं होतं. लेमेनं आपल्या लोकांकडून नुसत्या उपकरणांवर उड्डाण करायचा सराव आधीच करून घेतलेला, म्हणून त्याची विमानं धुक्यात उडाली, दुसरा ताफा काही तास अडकला, आणि जर्मन फायटरांना दोन्हींशी वेगवेगळं लढायला वेळ मिळाला. लेमेची २४ विमानं गेली, श्वाइनफुर्टवाल्यांची ३६, एकूण ६०, आणि प्रत्येक विमानात दहा माणसं. सराव चांगला असूनही सगळ्यांचा सराव सारखा नसला तर योजना मोडते, हे यातून मला तरी सगळ्यात जास्त जाणवतं.

त्यानंतर खडगपूर. ऑगस्ट १९४४ च्या शेवटी त्याला भारतात पाठवलं, विसाव्या बॉम्बर कमांडचा प्रमुख म्हणून. मुख्यालय खडगपूरजवळच्या हिजलीला, ज्या इमारतीत इंग्रजांनी क्रांतिकारकांना डांबायचं कॅम्प केलं होतं, जिथं १९३१ ला पोलिसांच्या गोळीबारात दोन कैदी मारले गेले, आणि जिथं १९५१ ला देशातली पहिली आयआयटी सुरू झाली. अमेरिकेचं सगळ्यात नवं बी-२९ विमान इथं होतं. पण इथून जपान लांब, म्हणून विमानं हिमालय ओलांडून चीनमधल्या चेंगडूला जायची आणि तिथून जपानी ठाण्यांवर. चेंगडूला पेट्रोल, बॉम्ब, स्पेअर पार्ट सगळं विमानानंच न्यावं लागायचं, आणि एका हल्ल्याएवढं पेट्रोल तिकडं साठवायला हिमालयावरून कितीतरी फेऱ्या, ज्यात पेट्रोल जळायचंच. २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं तेव्हा आपण सगळ्यांनी बघितलंय की लांबून आणलेल्या थेंबामागं किती यंत्रणा राबते, तसंच ते होतं, फक्त मध्ये जगातले सगळ्यात उंच डोंगर. बी-२९ चं इंजिन तापायचं, आगी लागायच्या, अपघातात माणसं जायची. लेमेनं प्रशिक्षण सुधारलं, मेंटेनन्स सुधारला, पण मूळ गणितच चुकीचं होतं आणि शेवटी अमेरिकेनं तो तळ सोडून पॅसिफिकमधल्या मारियाना बेटांवरून उडायचं ठरवलं. या पानावर "त्यानं काय केलं" मध्ये फार थोडं येईल. येऊ द्या. चांगला अधिकारीही चुकीच्या जागी मांडलेली योजना पूर्ण बरोबर करू शकत नाही, हे वहीत दिसायला पाहिजे.

याच काळातली एक नोंद विसरू नका, १८ डिसेंबर १९४४ ला चीनमधल्या हानको शहरातल्या जपानी तळावर आग लावणारे बॉम्ब टाकले गेले. पुढचं सगळं तिथून सुरू होतं.

जानेवारी १९४५ ला लेमे मारियानात गेला. त्याच्या आधी तिथं हेवूड हॅन्सेल हा अधिकारी होता, जो उंचावरून ठरावीक कारखान्यांवरच बॉम्ब टाकायच्या पद्धतीला धरून होता. निकाल येत नव्हते, कारण जपानवर उंचीवर प्रचंड वेगाचे वारे आणि बहुतेक दिवस ढग. हॅन्सेलला हटवून लेमेला बसवलं. सुरुवातीला त्याचेही निकाल वाईटच. मग त्यानं पद्धत उलटी केली: दिवसाऐवजी रात्री, उंचावरून नाही तर ५,००० ते ९,००० फुटांवरून, ताफा न करता एकेक विमान, बहुतेक मशिनगन आणि गोळ्या काढून त्या वजनाचे जास्त बॉम्ब, आणि बॉम्बही आग लावणारे. ९-१० मार्च १९४५ च्या रात्री ३३४ बी-२९ निघाली, त्यातल्या २७९ विमानांनी टोकियोवर बॉम्ब टाकले. लाकडाची घरं, दाट वस्ती, जोराचा वारा. सुमारे १६ चौरस मैल शहर जळालं, साधारण एक लाख माणसं मेली, दहा लाखांच्या आसपास बेघर झाली. बायका, म्हातारी माणसं, लेकरं. त्यानंतर जपानची इतर डझनावारी शहरं तशीच जाळली.

हा भाग वाचताना घाई करायची नाही. मी पोरांना सांगतो की या पानावर आधी पाचवा रकाना भरा, मग बाकीचे. कारण युद्धतंत्र म्हणून बघितलं तर हा निर्णय सेंट नाझेरसारखाच दिसतो, हिशोब केला, रूढ पद्धत मोडली, निकाल आला. पण सेंट नाझेरला निशाणा पाणबुड्यांचा तळ होता आणि धोका स्वतःच्या माणसांनी घेतला, टोकियोत निशाणा वस्तीच होती. लेमेचं समर्थन करणारे म्हणतात की जपानी कारखान्यांचं काम घराघरांतून चालायचं आणि युद्ध लवकर संपल्यानं आणखी लाखो जीव वाचले. विरोध करणारे म्हणतात की लाखभर नागरिक जाळणं कुठल्याच हिशोबात बसत नाही. आपण हरलो असतो तर आपल्यावर युद्धगुन्ह्याचा खटला चालला असता, असं खुद्द लेमे म्हणाल्याचं त्याच्या हाताखाली काम केलेल्या रॉबर्ट मॅकनामारानं नंतर सांगितलं. जिनिव्हा करारांना १९७७ ला जोडलेल्या पहिल्या प्रोटोकॉलनं नागरी वस्तीवरची अशी सरसकट बॉम्बफेक बेकायदा ठरवली. माझं मत स्पष्ट आहे, ते चूक होतं, आणि हॅन्सेलचं नाव त्यासाठीच वहीत पाहिजे, म्हणजे दुसरा रस्ता धरणारा माणूस त्याच खुर्चीत होता हे दिसतं. तुमचं मत माझ्यासारखंच पाहिजे असं नाही, पण मत पाहिजे, आणि त्यामागं कारण पाहिजे. मुलाखतीत "युद्धात सगळं चालतं" म्हणून सुटायला बघू नका, उद्या तुमच्या हाताखाली माणसं आणि शस्त्रं द्यायचीत, ते याच उत्तरावरून बघतात.

युद्धानंतरचं पटकन घेऊ. १९४८ ला रशियानं बर्लिनचे रस्ते अडवले तेव्हा युरोपातला अमेरिकन हवाई प्रमुख लेमेच होता, शहराला विमानानं कोळसा-धान्य पोचवायची सुरुवात त्याच्या हाताखाली झाली. ऑक्टोबर १९४८ ला स्ट्रॅटेजिक एअर कमांड, म्हणजे अणुबॉम्ब वाहणारा ताफा, त्याच्याकडं आला. जानेवारी १९४९ ला त्यानं सगळ्यांना डेटन शहरावर खोटा हल्ला करायला लावला, सांगितल्याप्रमाणं एकाही विमानाला जमलं नाही, आणि मग काही वर्षं नुसता सराव, सराव, सराव. १९५१ ला चार स्टार, वय ४४. १९६१ ला एअर फोर्सचा प्रमुख.

पण वरची पायरी चढल्यावर काय झालं ते मात्र नीट वाचा. १९६२ ला क्युबात रशियन क्षेपणास्त्रं सापडली, लेमेचा सल्ला हवाई हल्ल्याचा होता. राष्ट्राध्यक्ष केनेडींनी तो ऐकला नाही, समुद्रातून नाकेबंदी केली, आणि अणुयुद्ध टळलं. ग्रुप कमांडरच्या पातळीवर जो सरळपणा कामाचा होता तोच राष्ट्राच्या पातळीवर धोक्याचा ठरला असता. अंतिम निर्णय निवडून आलेल्या सरकारचा, सैन्य सल्ला देतं आणि आदेश पाळतं, ही गोष्ट एसएसबीच्या ग्रुप डिस्कशनमध्ये कधीही येऊ शकते, तिथं हे उदाहरण द्या. फेब्रुवारी १९६५ ला तो निवृत्त झाला, १९६८ ला काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवायची बाजू घेणाऱ्या जॉर्ज वॉलेसच्या सोबत उपराष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला आणि हरला. तेही वहीत लिहायचं. १९९० ला वारला.

एवढं झालं की वही मिटा आणि तीन मिनिटं बोला. एसएसबीत लेक्चरेट म्हणजे छोटं भाषण असतं, तीन मिनिटांचंच. आधी मराठीत, घरच्यांसमोर, अगदी तुमच्या भाषेत बोला, आजीला समजलं पाहिजे. मग तेच इंग्रजीत. उलटं करू नका, आधी इंग्रजीत पाठ केलेलं बोलणं ऐकताना लगेच ओळखू येतं. जन्मतारखेनं सुरू करू नका, एखाद्या प्रश्नानं सुरू करा, जसं की तोफा सुरू असताना विमान सरळ न्यायचं का वळवायचं. फक्त एक प्रसंग पूर्ण सांगा, बाकी दोन वाक्यांत.

स्वतःच्या रस्त्याची माहितीही सोबत पाठ असू द्या. एनडीएची लेखी ९०० मार्कांची, गणित ३०० आणि जनरल अ‍ॅबिलिटी ६००, एसएसबी आणखी ९०० ची, म्हणजे मुलाखतीचं वजन लेखीएवढंच. फ्लाइंगसाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स. खडकवासल्याला तीन वर्षं, मग हैदराबादजवळ दुंडीगलची एअर फोर्स अकादमी. पायलटसाठी कॉम्प्युटरवरची वेगळी चाचणी असते, सीपीएसएस, ती आयुष्यात एकदाच देता येते, नापास झालात तर पुन्हा नाही, म्हणून झोप काढून, शांत डोक्यानं द्या. मुलींना एनडीएचं दार उघडलंय आणि त्यांच्यासाठी नाशिकला वेगळी एसपीआय आहे, आई-बापानी हे लक्षात घ्यावं, आमच्या भागात अजून बऱ्याच घरांना माहीतच नाही.

आणि आपल्याकडं आता खास बॉम्बर विमान नाही हेही माहीत पाहिजे. कॅनबेरा होतं, १९५७ ला आलं, गोवा, काँगो, १९६५, १९७१, कारगिल सगळीकडं उडालं आणि २००७ ला निवृत्त झालं. त्यावरचे विंग कमांडर पद्मनाभ गौतम यांना १९६५ ला महावीर चक्र आणि १९७१ ला पुन्हा तेच, असं दोनदा मिळालेलं आहे, १९७२ ला पुण्यात विमान अपघातात ते गेले. आज खोलवर मारा करायचं काम जॅग्वार, सुखोई, राफेल अशी विमानं करतात.

पुढची वही मी सांगणार नाही, तुम्ही भरायची, पण नाव देतो: एअर चीफ मार्शल प्रतापचंद्र लाल. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर व्हेंजन्स नावाच्या डाइव्ह बॉम्बरची सात नंबरची स्क्वाड्रन त्यांनी सांभाळली, डीएफसी हे शौर्यपदक मिळालं, आणि १९७१ च्या युद्धात ते हवाई दलाचे प्रमुख होते. लेमेसारखेच रकाने पाडा, पाचवा सोडू नका, १९७१ च्या पानावर आर्मी आणि नेव्हीबरोबर त्यांनी काम कसं जुळवलं तेवढं जरा जास्त खोदा. सुट्टीतले दोन आठवडे पुरतात, आणि एसपीआयच्या मुलाखतीच्या आदल्या रात्री नवीन काही न वाचता या दोन वह्या फक्त चाळायच्या.